चुकलेली रेषा पुसू नकोस

दादर, मुंबई

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बडोद्याहून पाठवलेल्या अभ्यासचित्रांचे फोटो पाहिले. हात छान वळलाय. पण चुकलेली प्रत्येक रेषा तू रबराने पुसलीस, त्यामुळे आकृती जमत कशी गेली तेच दिसेनासं झालं.

मायकेलअँजेलोचा लिबियन सिबिल या प्राचीन भविष्यवेत्त्या स्त्रीच्या चित्रासाठीचा अभ्यास नीट बघ. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छतासाठी साधारण 1510-11 मध्ये लाल खडूने केलेला. आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कागद जेमतेम ए-फोरएवढा. छतावर बाई आहे, पण समोर बसवलाय पुरुष, तोही उघडा, कारण पाठीचा पीळ कपड्याखालून कळत नाही. चेहरा खाली पुन्हा काढलाय, जरा बायकी करून. आणि डाव्या पायाचा अंगठा? तो तर पुन्हा पुन्हा. पिळलेल्या अंगाचा भार तिथे येतो. अंगठा दबलेला दिसला नाही, तर एवढी भक्कम बाई तरंगायला लागेल. त्याचं अडलं कुठे होतं, ते त्या अंगठ्याने आपल्याला सांगितलं. त्याने पुसलं असतं तर?

तुझी उभी आकृती कलतेय. डोळ्यांपासून सुरुवात केलीस, म्हणून खाली जागा संपली आणि पाय आखूड झाले. आधी टाळू आणि तळव्यांच्या खुणा कर. मग गळ्याच्या खळगीतून ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी रेषा, सोड. भार एकाच पायावर असेल, तर ओळंबा त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरायला हवा. त्या बाजूची कंबर वर, खांदा खाली. चारकोल हलका धर. चूक दिसली की जुनी रेषा राहू दे, शेजारी नवी गडद ओढ.

मोठं करताना 20 बाय 30 सेंमीच्या अभ्यासावर पारदर्शक कागद ठेवून 2.5 सेंमीचे चौकोन आख: 8 आडवे, 12 उभे. कॅनव्हास 80 बाय 120 घे, चौकोन 10 सेंमीचे. 80 बाय 100 घेतलास आणि तेवढेच चौकोन बसवलेस, तर माणूस बुटका होईल.

सुट्टीत आलीस की सीएसएमटीला लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे जा. ताटकळलेली माणसं सारखा पाय बदलतात. दोन-दोन मिनिटांची वीस रेखाटनं कर, रबर घरी ठेवून.

तुझी,
आई