आरओच्या खोलीतल्या मंडळींचे आभार

पुण्यातल्या डायलिसिस सेंटरांत पहिली पाळी लागण्याआधी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटच्या खोलीत राबणाऱ्या सगळ्या टेक्निशियन मंडळींचे मनापासून आभार. पेशंटला तुमचं नावही ठाऊक नसतं.

मिनिटाला ५०० मिली म्हणजे चार तासांत १२० लिटर द्रावण, तुम्ही शुद्ध केलेल्या पाण्यातूनच बनलेलं, एका पेशंटच्या रक्तालगत, पातळ पडद्यापलीकडून वाहतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन (जंतू मारणाऱ्या क्लोरीनचं एक संयुग) कार्बनच्या टाकीतून निसटलं तर ते आरओलाही नीट अडवता येत नाही आणि तांबड्या पेशी फुटतात. म्हणून तुम्ही आधी पंधरा मिनिटं पाणी वाहू देता, मग नमुना घेता. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत दिसल्याशिवाय एकही पेशंट मशीनला लावू देत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं किंवा टँकर मागवावा लागला, तर हे काम किती जिकिरीचं होतं!

आणि सिस्टर, तुमचेही. सुई टोचण्याआधी फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर) बोटं टेकवून थरथर लागते का बघता, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू देत नाही. वजन तीन किलो वाढलेलं दिसलं की आधी प्रेमाने विचारता, “काका, पाणी जास्त झालं का?” एकदम जास्त पाणी काढलं तर बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, हे तुम्ही रोज समजावता, न कंटाळता.