आधी मोकळ्या प्लॉटवर कर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बांधकामाऐवजी जमिनीच्या किमतीवर कर लावण्याचा विषय कालच्या अग्रलेखात आपण ‘अव्यवहार्य’ म्हणून एका ओळीत निकालात काढलात. त्याच अग्रलेखात नोकरदार आणि ग्राहकांवरचा बोजा कमी करा, अशी मागणी आहे. मग पैसा यायचा कुठून?

इंदिरानगरमध्ये माझं रो-हाऊस आहे. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा वर एक खोली चढवली. पैसा प्राप्तिकर भरून उरलेला. त्यातून सिमेंटवर तेव्हा २८ टक्के आणि सळईवर १८ टक्के जीएसटी भरला. रंग वाळतोय तोवर मोजणीला माणसं आली, बाल्कनीलासुद्धा टेप लावली, आणि घरपट्टी वाढली. त्यांनी नियमाप्रमाणेच केलं. माझं भांडण त्या नियमाशी आहे.

कंपाउंडला लागून एक मोकळा प्लॉट आहे. आम्ही राहायला आलो तेव्हापासून तसाच. पुरुषभर गाजरगवत, कुणाकुणाच्या घरांचा राडारोडा, पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि डास. मालक नाशकात राहत नाहीत. समोर डांबरी रस्ता झाला, ड्रेनेज आलं, पथदिवे आले. खर्च सगळ्यांच्या करातून झाला आणि भाव वाढला त्या प्लॉटचा. उद्या त्यांनी तो विकला तर त्या व्यवहारावर जीएसटीसुद्धा नाही. ज्यानं बांधलं त्याला दंड आणि ज्यानं अडवून ठेवलं त्याला बक्षीस, हा कुठला न्याय?

कमाईवर कर लावला की कमावण्याची उमेद घटते, खरेदीवर लावला की वस्तू महागते. जमीन मात्र कर लावल्यानं कमी होत नाही आणि ती कुठे लपवताही येत नाही. हा कर भाडेकरूच्या माथी मारणंही अवघड, कारण त्या जागेला मिळेल तेवढं भाडं मालक आधीच घेत असतो. एस्टोनियात १९९३ पासून जमिनीच्या किमतीवर कर आहे, वरच्या इमारतीवर नाही. आपल्याकडे उलट, ज्यात शहरातली मोकळी जमीन धरली जायची तो संपत्ती करच २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. किंमत ठरवायची अडचण सांगू नका. मुद्रांक शुल्क घेताना रेडी रेकनर, म्हणजे सरकारी जमीनदरांचा तक्ता, चालतो, मग इथे का चालू नये?

२०१८ मध्ये नाशिक महापालिकेची मोकळ्या भूखंडांवरची करवाढ आली तेव्हा विरोधानं शहर पेटलं होतं, ते आठवतंय. पण ती निव्वळ वाढ होती, बदल्यात कुठलाच कर कमी झाला नव्हता. शिवाय शेतकरीही त्यात भरडले जाणार होते. शहराच्या कडेला मखमलाबाद, आडगावकडे जो खरोखर शेती करतोय, त्याचा कर जमीन विकेपर्यंत थांबवता येईल. निवृत्त माणसाच्या राहत्या घरालाही तीच सवलत द्या. प्राप्तिकर आणि जीएसटी इथे बसून बदलणार नाहीत, हे मलाही कळतं. घरपट्टी तर इथल्या महापालिकेचीच आहे ना? तिच्यात बांधकामाचा भार उतरवून जमिनीवर टाका, सुरुवात तिथून होऊ द्या.

आणखी एक. आपल्या शनिवारच्या मालमत्ता पुरवणीत ‘आज घ्या, पाच वर्षांत दुप्पट’ अशा प्लॉटच्या पानपानभर जाहिराती असतात. तो दुपटीचा पैसा कुणाच्या खिशातून येतो, यावर त्याच पुरवणीत एक लेख छापावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक