सूचना: रविवारी इंटरनेट कॉलचा दर्जा मोजण्याचं सत्र

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता कॉलेज रोडच्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये सत्र आहे. अंबड-सातपूरला ज्यांनी आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारे फोन) बसवलेत, त्यांनी तर नक्की या.

"आवाज तुटतो" एवढ्यावरून दोष सापडत नाही. बोलणं उशिरा पोहोचलं की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) जी.११४ शिफारस सांगते. आवाज छोट्या पॅकेटमध्ये (तुकड्यांत) जातो; ती गहाळ झाली की अक्षरं गळतात. जिटर म्हणजे पॅकेट कमीजास्त अंतराने येणं. फोनमधला बफर (पॅकेट थोडा वेळ थांबवून ठेवणारी जागा) ते सावरतो, पण बफर वाढवला की उशीरही वाढतो! या तिन्हींचा मेळ एमओएसच्या (कॉलच्या दर्जाला दिलेल्या गुणांच्या) १ ते ५ आकड्यात कसा बसतो, ते प्रत्यक्ष कॉल लावून बघू. नुसत्या स्पीड टेस्टवर कृपया विसंबू नका. जी.७११ (आवाज डिजिटल करण्याची एक पद्धत) वापरणाऱ्या एका कॉलला इथरनेटवर एका दिशेला जेमतेम ८७ केबीपीएस लागतात. अडचण बहुधा वेगाची नसतेच.

येताना:
- वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट नोंदवून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलेला लॅपटॉप आणि हेडसेट.
- एका खराब कॉलची नोंद: वेळ, आवाज कुणाला तुटक आला, वायफाय की केबल.
- ग्राहकांच्या कॉलचं कॅप्चर (पॅकेटची साठवलेली नोंद) आणायचं नाही. एन्क्रिप्शन नसेल तर त्यातून अख्खं संभाषण ऐकता येतं. आपापसात केलेला चाचणी कॉलच आणा.

येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नाव टाका.