४.७ की ४७? 'कमी नेटवर चालणाऱ्या' कोर्सबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या इलेक्ट्रॉनिक्स कोर्सची वर्षाची वर्गणी आमच्या अभ्यासिकेतल्या सहा जणांनी भरली आहे. जाहिरातीत 'कमी नेटवरही चालतो' असं छापलंय. चालतो, पण चुकीचं शिकवतो.

व्याख्यान ४५ मिनिटांचं. ७२० पीला तुमचा व्हिडिओ सेकंदाला दीड मेगाबिट खातो, म्हणजे एका व्याख्यानाला जवळजवळ ५०० एमबी. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन व्याख्यानं झाली की संपलं. मग २४० पी लावावं लागतं, आणि घोळ तिथंच होतो. ५५५ टायमर म्हणजे एलईडी ठरावीक वेगानं लुकलुकवणारा आयसी (चिप); त्याच्या धड्यात दोन्ही रेझिस्टर ४.७ के, म्हणजे ४.७ किलोओहमचे, आहेत. २४० पीत दशांशाचा ठिपका जेमतेम एका पिक्सेलएवढा उरतो, कॉम्प्रेशनमध्ये तोही पुसला जातो आणि दिसतं ४७ के. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा धरून सूत्रात घालून बघा: एलईडी सेकंदाला दहा वेळा लुकलुकायला हवा, तो एकदाच लुकलुकतो. पोरं आयसी बदलत बसतात. आयसी चांगलाच असतो. सर्किटमध्ये '४के७' लिहायची पद्धत आहे ती ठिपका हरवू नये म्हणूनच. तुमच्या स्लाइड करणाऱ्याला एवढं माहीत असायला हवं होतं.

बरं, स्लाइड काही जागची हलत नाही. ४८० पी, सेकंदाला पाच फ्रेम, चित्रासाठी सेकंदाला १५० किलोबिट, आवाजासाठी मोनो ३२ किलोबिट ठेवा. तेच व्याख्यान साधारण ६० एमबीत बसतं. सर्किटची पीडीएफ वेगळी द्या.

दुसरं, डाउनलोड. इकडं लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही झोपतो. रेंज परतल्यावर तुमचं अॅप ९० टक्क्यांवरून पुन्हा शून्यावर येतं आणि गेलेला डेटा आमच्या खिशातून जातो. उरलेला तुकडा तेवढा मागवायची सोय एचटीटीपी १.१ पासून (वेबवरून फाइल मागवायच्या नियमावलीची जुनी आवृत्ती) आहे, अॅपमध्ये ती वापरलेलीच नाही. त्यात दर ४८ तासांनी परवाना तपासायला नेट हवं, नाहीतर उतरवलेला व्हिडिओही उघडत नाही. ही मुदत निदान ३० दिवसांची करा.

पंधरा दिवसांत दुरुस्ती किंवा उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत, यापैकी एक लेखी कळवावं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आम्ही राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. हिंगोली इथून लांब नाही.

सोबत: ५५५ च्या धड्याचे २४० पी आणि ७२० पीचे स्क्रीनशॉट, वर्गणीच्या सहा पावत्या.

आपले ग्राहक,
अभ्यासिकेतले विद्यार्थी,
वसमत, जि. हिंगोली