रचलेल्या देवांची यादी: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं आणि हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसलो. लेखकांनी रचलेल्या देवांची यादी विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात असूच नये, सरळ वगळून टाकावी, असं तुझं म्हणणं. त्यामागचा वैताग मला कळतो. एखाद्या गेममधल्या पुतळ्याखाली कोरलेलं नाव, एखाद्या मालिकेत कुणीतरी एकदाच घेतलेली शपथ, काय वाटेल ते अशा यादीत येऊन पडतं. ना लेखकाचं नाव, ना साल, ना संदर्भ. त्या गाळाची वकिली मी करणार नाही. पण गाळ काढायचा की विहीरच बुजवायची, इथे आपलं बिनसतं.

हा वाद आपल्यापेक्षा खूप जुना आहे. दिदरो आणि दालांबेर यांच्या फ्रेंच ज्ञानकोशाचा पहिला खंड १७५१ साली निघाला. त्यात 'आग्वाशिमा' नावाच्या ब्राझीलमधल्या वनस्पतीची नोंद आहे. तिच्याबद्दल जवळपास काहीच माहिती हाती नव्हती, म्हणून दिदरोने नोंदीतच विचारून टाकलं की, हे वर्णन नक्की कुणासाठी? जिथे ती उगवते तिथल्या लोकांना याहून जास्त ठाऊक असणार, आणि आपल्याला नुसतं नाव कळून काय उपयोग? तरी नोंद ठेवली, कारण नोंदच न सापडण्यापेक्षा पोकळ नोंद बरी असं मानणारे वाचक असतात. मला दिदरोचा प्रश्न मान्य आहे, त्याची तडजोड मान्य नाही. नुसतं नाव असेल तर ते काढावंच. देवाचं असो की झाडाचं.

पण सगळी नावं नुसती नावं नसतात. लॉर्ड डन्सेनी या लेखकाने १९०५ साली 'द गॉड्स ऑफ पेगाना' हे छोटं पुस्तक काढलं. पृथ्वीवरच्या कुठल्याही धर्मातून उसना न घेतलेला, पूर्ण स्वतः रचलेला देवगण त्यात आहे. त्यांचा मुख्य देव माना-यूड-सुशाय इतर देवांना घडवून झोपी गेलाय, आणि स्कार्ल त्याच्यापाशी बसून ढोल वाजवतोय. ढोल थांबला की तो जागा होणार, आणि मग ना जग उरणार, ना देव. डन्सेनीचा लव्हक्राफ्ट या अमेरिकी भयकथालेखकावर खोल परिणाम झाला. १९२८ साली छापून आलेल्या लव्हक्राफ्टच्या कथेतला क्थुलू हा राक्षसी देव मात्र माणसाची पर्वाच करत नाही. त्याच्या लेखी आपण असलो काय, नसलो काय. टॉल्किनचा देव इलुवातार संगीतातून सृष्टी उभी करतो. ते सगळं लेखकाच्या मृत्यूनंतर, १९७७ साली 'द सिल्मरिलियन' या पुस्तकात आलं. आणि १९९२ च्या 'स्मॉल गॉड्स'मध्ये प्रॅचेटचा ओम हा देव कासव होऊन बसतो, कारण मनापासून मानणारा एकच भक्त उरलाय.

ही चार नावं साल आणि लेखकासकट एकाखाली एक मांडून बघ. शंभर वर्षांपेक्षा कमी काळात देवाकडे बघायची लेखकांची नजर कशी फिरत गेली, हे एका पानावर दिसतं. चार वेगवेगळ्या लेखांत ते दिसणार नाही. यादीऐवजी एका विषयाच्या लेखांची नावं आपोआप गोळा करणारं विकिपीडियाचं 'वर्ग' हे पान पुरेसं आहे, हा तुझा मुद्दा म्हणूनच मला लंगडा वाटतो. वर्गात फक्त नावं येतात, तीही अकारविल्हे, आणि ज्यांच्यावर स्वतंत्र लेख आहे त्यांचीच. यादीत लेखक, कृती, साल, एखादी ओळ आणि संदर्भ येऊ शकतो. इंग्रजी विकिपीडियावर यादीचा विषय टिकावा की नाही हे बघताना, या गटाबद्दल गट म्हणून त्रयस्थ अभ्यासकांनी लिहिलंय का, असं विचारतात. कसोटी योग्य आहे, आणि कल्पित देवगणांवर गंभीर समीक्षा झालेली आहे.

आता तुझ्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे येतो: रचलेला देव आणि लोकांनी मानलेला देव यांच्यातली सीमा कुठे आखायची? इथे तू मला खरोखर विचार करायला लावलंस. डेमोगॉर्गनचंच घे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा देव नकलनविसाच्या चुकीतून जन्मला. रोमन कवी स्टेशियसच्या महाकाव्यावरच्या जुन्या टीपांमध्ये 'डेमिअर्गस', म्हणजे सृष्टी घडवणारा, अशा अर्थाचा शब्द असावा, आणि उतरवून घेताना तो बिघडला. चौदाव्या शतकात बोकाचो या इटालियन लेखकाने देवांची वंशावळ लिहिली तेव्हा याच डेमोगॉर्गनला सगळ्यांचा मूळपुरुष म्हणून शिखरावर बसवलं! पुढे इंग्रज कवी मिल्टनने त्याचं नाव घेतलं, १८२० साली कवी शेलीने त्याला काव्यनाट्यात पात्र म्हणून उभं केलं, आणि विसाव्या शतकात तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात राक्षस होऊन शिरला. त्याची कुणी पूजा केल्याचा पुरावा नाही, आणि कुणा लेखकाने तो ठरवून रचलाही नाही. मग ठेवायचा कुठे?

याच्या उलट टोकाला ग्लायकॉन. दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठच्या अबोनोटायकस या गावच्या अलेक्झांडरने हा सर्पदेव पुढे आणला. ल्युशियन या लेखकाने तर लिहून ठेवलंय की पाळलेल्या सापाला कापडाचं मुंडकं बसवलं होतं. फसवणूक धरली तरी लोकांनी त्याला खरंच पुजलं. नाण्यांवर तो आहे, आणि रुमानियातल्या कॉन्स्टांत्सा इथे १९६२ साली त्याची सुंदर मूर्ती सापडली.

या दोघांमुळे मी माझा नियम पक्का केला. ज्याचा कर्ता आणि कृती ठाऊक आहे, जो त्या कृतीतच पहिल्यांदा अवतरला, आणि ज्याला कथेबाहेर कुणी भजलेलं नाही, तोच यादीत. शिवाय लेखकाबाहेरच्या कुणीतरी त्याच्यावर लिहिलेलं असावं. डेमोगॉर्गन पहिल्या अटीवर बाहेर, ग्लायकॉन तिसऱ्यावर. दोघांना स्वतंत्र लेख हवेत, आणि आहेतच. कादंबरीत ओडिन हा उत्तर युरोपातला जुना देव आला म्हणून ओडिन कल्पित होत नाही. त्याला मानणारे होते, तिथेच विषय संपतो. १९८० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं 'डेईटीज अँड डेमिगॉड्स' हे पुस्तक निघालं. त्याच्या सुरुवातीच्या छपाईत क्थुलू आणि ग्रीक, इजिप्शियन, भारतीय देव एकाच पंगतीत बसवले होते. खेळात चालेल, ज्ञानकोशात हरगिज चालणार नाही. श्रद्धावंतांचा अपमान होईल असं तू लिहिलंस, म्हणून सांगतो: ही तिसरी अट मी त्यांच्यासाठीच घातली आहे.

आणि यादी काढून टाकली की घोळ संपतो, असं समजू नकोस. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर कुणीतरी जार-एडो वेन्स नावाच्या देवाचा लेख घातला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा देव म्हणून. असा देव कधी नव्हताच. लेख जवळपास दहा वर्षं टिकला, मार्च २०१५ मध्ये वगळला गेला, आणि तोवर ते नाव एका छापील पुस्तकातही जाऊन बसलं होतं. ज्यांची खरी परंपरा आहे, त्यांच्या देवांमध्ये बनावट देव घुसला, हा मला खरा अपमान वाटतो. कुणी रचला, कधी रचला, हे विचारण्याची सवय संपादकांच्या हाडात असती तर तो एवढा टिकलाच नसता. आपल्या यादीत प्रत्येक ओळीला हेच विचारलं जावं, एवढाच माझा आग्रह आहे.

इंग्रजी विकिपीडियावर एखादं पान वगळायचं की नाही या चर्चेला सहसा सात दिवस मिळतात, आणि शेवटी मतं मोजत नाहीत, युक्तिवाद तोलतात. म्हणून 'मला आवडत नाही' किंवा 'बाकीच्या याद्या आहेतच की' असलं काही लिहू नकोस. तुझा सीमेचा मुद्दा मांड. तो ऐकायलाच हवा.

एका नावाबद्दल मात्र मला तुझं मत हवंय. २००५ साली बॉबी हेंडरसनने अमेरिकेतल्या कॅन्सास राज्याच्या शिक्षण मंडळाला थट्टेचं पत्र लिहिलं आणि त्यातून 'उडता स्पॅगेटी राक्षस' हा विडंबनाचा देव जन्मला. कर्ता ठाऊक, साल ठाऊक. पण न्यूझीलंडने २०१५ मध्ये त्याच्या पंथाला विवाह लावणारे नेमायची परवानगी दिली, तर युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या एका प्रकरणात त्याला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं. मी त्याला यादीबाहेर ठेवेन. आम्ही भजतो असं जे म्हणतात, त्यांच्या मनात काय आहे हे तपासणं संपादकाचं काम नाही. तू कदाचित उलट म्हणशील. चर्चेची मुदत संपायच्या आत कळव, म्हणजे मला माझी बाजू त्याप्रमाणे लिहिता येईल.

तुझा,
मित्र