मूड, मेथी आणि रिक्षा

नौपाडा, ठाणे

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. फोनवर तू पाच मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून लिहूनच उत्तर देतोय. "हल्ली व्यंगचित्रासाठी काही सुचत नाही, तुला रोज कसं सुचतं?" असं विचारलंयस. अरे, मला कुठे रोज सुचतं? संपादकांना रोज लागतं, एवढंच.

"मूडच लागत नाही" हे मात्र मला अजिबात पटलं नाही. दिवाळी अंकांचे फोन इथे आषाढातच सुरू होतात. बाहेर धो धो पाऊस, भिंतीला ओल, कागद इतका दमट की शाई फुटते, आणि मी बसलोय चकल्या आणि आकाशकंदील काढत. आषाढात दिवाळीचा मूड कुठून आणायचा?

मी सुचण्याची बैठक आणि काढण्याची बैठक वेगळी ठेवतो. सकाळी चहाबरोबर नुसतं लिहायचं. चित्रासाठी पेन्सिल उचलायची नाही, कारण एकदा का नाक झकास जमलं की त्या नाकाच्या मोहापायी आपण फुसका विनोदही पुढे रेटतो. घोडबंदर रोडचे खड्डे घे. पहिली कल्पना काय? चंद्रावरचं विवर आणि अंतराळवीर. दुसरी, खड्ड्यात गळ टाकून बसलेला माणूस. या दोन्ही लिहून टाकायच्या आणि त्यांच्यावर काट मारायची, कारण तोवर त्या निम्म्या ठाण्याच्या व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या असतात. मग खड्डा सोडून द्यायचा आणि अडकलेल्या माणसांकडे बघायचं. रिक्षात एक बाई. माजिवड्याला तिने मेथीची जुडी निवडायला घेतलीय. मानपाड्याला रिक्षा तशीच उभी, फक्त आता रिक्षावालाही मागे वळून मेथी निवडतोय. झालं! शब्द एकही नको.

दुपारी काढायला बसलो तेव्हा खरी गोची रिक्षावाल्याच्या हातांनी केली. दिवसभर हँडल पिळणारा माणूस मेथीची काडी कशी धरेल? नाजूक बोटं काढली तर तो निवडण्यात तरबेज वाटतो, मग गंमत जाते. शेवटी काडी त्याच्या मुठीत दिली, अगदी ॲक्सिलरेटर धरल्यासारखी. त्या मुठीपायी किती कागद फाडले ते विचारू नकोस, पण फाडताना डोकं शांत होतं, कारण विनोद सकाळीच पक्का झालेला होता.

कॅप्शन झाकून बघायची सवय मला शि. द. फडणीसांनी लावली. म्हणजे त्यांच्या चित्रांनी. 'मोहिनी' मासिकाची ती मुखपृष्ठं आठव, शब्दांवाचून बोलणारी. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही याच माणसाने हसरी चित्रं काढली. माझ्या बऱ्याच चित्रांची कॅप्शन झाकली की खाली नुसती दोन माणसं गप्पा मारत उभी राहिलेली दिसतात. ती मी पाठवतो, नाही असं नाही. रोजच्या कामात चार बरी, एक फसलेलं आणि क्वचित एखादं फर्मास, हे गृहीतच धरायचं. तुझी अडचण अशी, की तुला फक्त फर्मासच काढायचंय.

नोकरीचं कारण तर सांगूच नकोस. वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत सिव्हिल इंजिनियर होते. नोकरी सांभाळून त्यांनी काय काढून ठेवलंय ते तुझ्याच कपाटात आहे.

आणि "तेच तेच होतं" म्हणतोस, तर होऊ दे. आर. के. लक्ष्मणांनी १९५१ पासून पुढची कित्येक दशकं 'कॉमन मॅन'चा तोच चौकड्यांचा कोट काढला. तिकडे अमेरिकेत चार्ल्स शुल्झने १९५० ते २००० या काळात 'पीनट्स' या व्यंगचित्रमालिकेच्या १७,८९७ पट्ट्या काढल्या, मदतनीस न ठेवता. त्यात ल्यूसी वर्षानुवर्षं ऐन वेळी फुटबॉल काढून घेते आणि चार्ली ब्राऊन आपटतो. गंमत एकच, पण दर वेळी ती त्याला बॉल मारायला पटवते कशी, हे मात्र नवीन.

टॅबलेट घेऊ का, विचारलंयस. घे, रंगांना उत्तम. पण रेघ मी अजून निब आणि शाईनेच मारतो. 'अनडू' हाताशी असलं की रेघ भित्री होते, असं माझं मत. मुलगा हसतो. हसू दे.

वाशीला कामासाठी ट्रान्सहार्बर लोकलने जातो तेव्हा खिशात छोटी वही असते. पूर्वी डब्यात प्रत्येकाची बसायची तऱ्हा वेगळी असायची. कुणी पेपरची चौघडी करून वाचतोय, कुणी शेजाऱ्याचा पेपर चोरून वाचतोय. आता फोनमुळे सगळ्यांच्या माना एकाच कोनात. वैताग आला होता. मग नजर खाली गेली. पाय अजून आपापले आहेत रे! बुटातून टाच बाहेर काढून बसलेला साहेब, चपलेचा अंगठा तुटल्यामुळे बोटं आवळून धरणारा पोऱ्या, सीटवरून जमिनीपर्यंत पाय न पोचणाऱ्या आजी. ऐरोली येईपर्यंत दोन पानं भरतात. चेहरे नंतर घरी त्या पायांवरून काढतो, आणि ते चेहरे पाहून काढलेल्यांपेक्षा बरे येतात.

तुझ्या बँकेत तर दिवसभर रांग असते. काउंटरमुळे तुला पाय दिसत नसतील, पण पासबुक धरलेले हात दिसतात ना? एका पानावर नुसते हातच काढ आणि फोटो पाठव. सुबक नको.

नाशिकहून कधी येतोयस? रविवारी आलास तर सकाळीच ये, गर्दी व्हायच्या आत मामलेदारची मिसळ खाऊ. तिखट मागवून वर मर्दुमकी गाजवू नकोस. आणि येताना वही आण. कोरी असली तरी चालेल, मिसळ येईपर्यंत समोरच्या टेबलाखालचं एक पान होईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या