पुता, यंदा माटोळी बांधली

पुता,

बोलायला आपली घरची कोंकणी, पण लिहायला बसले की हातातून मराठीच उतरते, तुला माहितीच आहे.

गणपतीची चवथ झाली रे परवा. गेल्या वर्षी घरात सणच नव्हता. आता वर्षश्राद्ध झालं, भटजी म्हणाले सण धरा, म्हणून बाबांनी माळ्यावरून माटोळीची, गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं बांधायची ती चौकट काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. तुझ्या गाठी होत्या ना तिच्यावर. शेवटच्या चवथीला विसर्जन झाल्यावर तू नुसती फळं तोडलीस, दोरांचे तुकडे तसेच ठेवून कॉलेजला पळालास, प्रॅक्टिकल होतं म्हणे, आणि मी केवढी ओरडले होते तुला. केवणीची साल वाळून काळी पडलीय पण एकही गाठ सुटलेली नाही. बाजारात नायलॉनची दोरी मिळते तरी तुला रानातली केवणच हवी, साल सोलून बादलीत भिजत घालायचास, न्हाणीत तो वास सुटायचा आणि बाबा वैतागायचे.

बॉटनी घेतल्यापासून तर प्रत्येक फळाला चिठ्ठी. आई, केवण म्हणजे हेलिक्टेरिस आयसोरा, मराठीत मुरुडशेंग. कांगल्या म्हणजे मालकांगोणी, बियांचं तेल काढतात. घागऱ्या म्हणजे क्रोटालारिया, वाळल्या की खुळखुळ वाजतात बघ. तेव्हा मला एक नाव धड आठवायचं नाही, आता सगळी पाठ आहेत. कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेत भाग घ्यायचा होता तुला, पुढच्या वर्षी नक्की म्हणालेलास.

तुला पोहता येत होतं हे मी अजून भेटेल त्याला सांगते. लोकांना वाटतं येत नसणार. पण तू नदीत शिकलास, नदीला काठ असतो, ती हळूहळू खोल होते. चिऱ्याची खाण यंत्राने कापलेली, भिंतीसारखी सरळ, पहिल्या पावलालाच डोक्यावर पाणी आणि बाहेर यायला धरायचं काय, पावसात सगळ्या दगडाला शेवाळ. मला हे कुठे माहीत होतं. आपलं घर चिऱ्याचं, वाड्यावरची निम्मी घरं चिऱ्याची, पण चिरा काढून नेल्यावर मागे जो खड्डा राहतो त्याचं काय होतं हा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही. श्रावणातला रविवार, घरात शिवराक, मासळी नाही, तू दोन घास कमीच जेवलास आणि "येतां गे" म्हणून गेलास. मग १०८ आली, तुला बांबोळीच्या इस्पितळात नेलं. पुढचं नाही लिहीत.

बेतोड्याचा तुझा दोस्त, त्याने तुझा हात धरलेला आणि तो सुटला. वर्षभर मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. देवळात दिसला तर मी दुसऱ्या दाराने बाहेर. त्याचा काय दोष, सगळं कळत होतं, पण माझ्याने होतच नव्हतं रे. चवथीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दारात उभा, पोत्यात कवंडाळं, घागऱ्या, चिबूड, सुपारीचा घड आणि दुसऱ्या हातात केवणीची जुडी. "काकी, दोर भिजवून आणलेत," एवढंच बोलला. भिजलेल्या केवणीचा वास आला आणि मी म्हटलं आत ये.

रात्री एक वाजेपर्यंत बांधत होता. तुझ्या गाठींना हात नाही लावला, त्यांच्या बाजूला आपल्या बांधल्या. तुझी गाठ उजवीकडून फिरायची, त्याची डावीकडून, तो डावरा आहे हे मला तेव्हा कळलं. मध्येच विचारलं, काकी हे कुठलं, तर मी एका दमात सांगितलं, कांगल्या, मालकांगोणी, बियांचं तेल काढतात. तो खाली बघत राहिला. मी पण चुलीकडे गेले.

खाणीला तार लावायचं काम चालू आहे. बाबा आणि तुझे हे दोस्त मिळून पंचायतीत किती फेऱ्या मारल्या असतील देव जाणे, आता कुठे अर्धी बाजू झालीय, चढावाकडची अजून उघडीच आहे. सोमवारी बाबा परत जाणार आहेत, या वेळी मी पण जाते.

नेवऱ्या केल्या यंदा. त्याला जाताना तुझ्या कॉलेजच्या डब्यातच घालून दिल्या, दुसरा डबा समोर होता तरी. रविवारी परत आणून देतो म्हणालाय.

आई